सेंद्रिय शेतीचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण: शिकणाऱ्याच्या हातून नक्की काय काय व्हायला हवं?

काळी_आई

नमस्कार मंडळी,

सेंद्रिय शेतीत नोकरी किंवा व्यवसाय करू पाहणारी मुलंमुली आता बरीच दिसतात. शेतकरी उत्पादक कंपनीत क्षेत्र अधिकारी, प्रमाणीकरण गटात अंतर्गत निरीक्षक, गांडूळखताचं युनिट, रोपवाटिका, बियाणं. शिवाय राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि त्यात १०,००० जैव-निविष्ठा (जीवामृत, अर्क यांसारखी सामग्री) संसाधन केंद्रं उभी करायची आहेत. ती चालवायला हाताने काम केलेली माणसं लागणार.

आणि प्रशिक्षण कसलं मिळतं? दोन दिवसांची कार्यशाळा. एक जण पिंपात काठी फिरवतो, चाळीस जण बघतात, संध्याकाळी प्रमाणपत्र. जीवामृताची (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांचं आंबवलेलं द्रावण) कृती पाठ होते, पण ढीग का तापला नाही, फवारा का बंद पडला, उगवण का कमी आली, याचं उत्तर देता येत नाही.

माझं मत असं की एक अख्खा खरीप हंगाम, म्हणजे मे ते नोव्हेंबर, एकाच शेतावर काढल्याशिवाय त्याला प्रशिक्षण म्हणू नये. या काळात प्रत्येकाने स्वतः मातीचा नमुना काढावा, कंपोस्टचा एक ढीग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांभाळावा, उगवण तपासून बीजप्रक्रिया करावी, निंबोळी अर्क काढून फवारावा, सापळ्यातले पतंग मोजावेत आणि शेतनोंदवही लिहावी. यात काय वाढवाल, काय गाळाल? मोघम नको, मापं आणि चुका लिहा.

बांधकरी

चांगला धागा. यादीला अनुमोदन. पहिली भर मे महिन्यातलीच.

निंबोळ्या मे-जूनपासून पिकून पडायला लागतात. त्या तेव्हा गोळा केल्या नाहीत तर वर्षभर अर्क विकतचा. पिवळ्या निंबोळ्या वेचायच्या, गर धुवून काढायचा, बिया सावलीत पसरून पूर्ण वाळवायच्या आणि गोणपाटात किंवा हवेशीर टोपलीत ठेवायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या की बुरशी येते. बुरशी आलेलं बी अर्काला घ्यायचं नाही. ८-१० महिन्यांपेक्षा जुन्या बियांची ताकदही उतरते.

५ टक्के अर्क, १०० लिटरसाठी: ५ किलो वाळलेल्या बियांची भरड (पीठ नको, गाळताना लगदा होतो), फडक्यात सैल बांधून ९-१० लिटर पाण्यात रात्रभर. सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात पिळत राहायची, दुधासारखा रंग येईपर्यंत. दुसरीकडे २०० ग्रॅम साबण लिटरभर पाण्यात विरघळवायचा. अर्क दोनदा गाळून साबणाचं पाणी मिसळायचं आणि एकूण १०० लिटर करायचं. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारायचा, कारण त्यातला कीडनाशक घटक ॲझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतो. सकाळी अकराला फवारलेला अर्क "चालत नाही" असं म्हणणारे खूप भेटतात.

धुरकरी

यादीतून जीवामृत वगळलंत ते बरं केलंत. त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ जातो.

साधा हिशोब करा. एका एकरासाठीच्या २०० लिटरच्या पिंपात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. ताज्या शेणात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे ५० ग्रॅम. गोमूत्रातून फार तर १०० ग्रॅम. बेसनातून ७०. एकूण एकराला जेमतेम पाव किलो नत्र. दहा क्विंटल ज्वारीचे नुसते दाणे जवळपास १६ किलो नत्र घेऊन जातात. उरलेलं कुठून येणार? शिकणाऱ्याला हा हिशोब पहिल्या आठवड्यात करता आला पाहिजे.

वाफसा

@धुरकरी, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष अर्धवट आहे.

जीवामृत हे खत नव्हे. ते विरजण आहे, आणि विरजणाला दूध लागतं. बीजामृत (बियाण्याला लावायचं द्रावण), जीवामृत, आच्छादन आणि वाफसा (जमिनीत ओल आणि हवा दोन्ही असणं) ही चौकट एकत्र आहे. उघड्या, तापलेल्या, भेगाळलेल्या जमिनीवर पिंप ओतलं तर काही होत नाही हे मान्य. पण आच्छादन असेल, ओल असेल, तुरीसारखं द्विदल आंतरपीक असेल, तर पालापाचोळा कुजण्याचा वेग वाढतो. नत्र तिथून आणि द्विदलाच्या गाठींतून येतं.

प्रशिक्षणात चुकतं ते वेगळंच. पिंप उन्हात ठेवतात, झाकण घट्ट लावतात, सकाळ-संध्याकाळ ढवळत नाहीत. सावलीत, तोंडाला गोणपाट बांधून, दोन-तीन दिवस रोज दोनदा ढवळायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. आंबूस वास ठीक, सडका वास आला की फेकायचं. पाणी नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरायचं, क्लोरीनमुळे जिवाणू मरतात.

धुरकरी

आच्छादनासह म्हणत असाल तर विरोध नाही. फक्त मग शेजारी एक गुंठा जीवामृताशिवाय ठेवा, बाकी सगळं सारखं. काढणीला दोन्ही गुंठे वेगळे मळून, वजन करून वहीत लिहा. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, वजनाला ४० ने गुणलं की एकराचा अंदाज. ही तुलना शिकणाऱ्यानेच करायची.

वाफसा

मान्य. मात्र एकेकच गुंठा नको, प्रत्येकी तीन गुंठे, शेतात वेगवेगळ्या ठिकाणी. नाहीतर एका गुंठ्यात जुन्या उकिरड्याची जागा आली तर सगळं श्रेय पिंपाला जाईल.

गिरिपुष्प

कंपोस्टवर कुणी बोललं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकण्यासारखं काम हेच आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी बहुतेकांनी पाहिलेली असते. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोकं. एका टाकीला साधारण १४००-१५०० किलो काडीकचरा, ९०-१०० किलो शेण, १७५० किलो कोरडी चाळलेली माती आणि दीड ते दोन हजार लिटर पाणी. थर असे: काडीकचरा अर्धा फूट, त्यावर शेणकाल्याचा सडा, त्यावर माती. टाकीच्या वर दीड फूट झोपडीच्या आकारात भरायचं आणि शेणमातीने लिंपायचं. ९०-१२० दिवस. लिंपणाला तडे गेले की लगेच बुजवायचे.

हे सगळं तयार झालेलं दाखवतात. भरणं दाखवत नाहीत. टाकी एका दिवसात, फार तर दोन दिवसांत भरून व्हायला हवी आणि त्यासाठी माल आधी तोलून शेजारी रचावा लागतो. हे नियोजन हीच खरी शिकवणी.

उघड्या ढिगाला मात्र रोज बघावं लागतं. मधोमध लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नाही इतकी तापली असेल तर ढीग चालू आहे. थंड असेल तर तीन शक्यता: ओल कमी, शेण-हिरवा पाला कमी, किंवा ढीग फार छोटा (१ मीटरपेक्षा कमी उंची-रुंदीचा ढीग उष्णता धरत नाही). ओलीसाठी मूठभर माल घट्ट पिळायचा. बोटांतून एक-दोन थेंब आले की बरोबर, धार लागली की जास्त. अमोनियाचा उग्र वास आला तर नत्र जास्त, कोरडी काडी मिसळा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा नाही, उलथा. पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) अख्ख्या टाकल्या तर वर्षभर तशाच राहतात, त्या बोटभर लांबीच्या तुकड्यांत कुट्टी करूनच घ्यायच्या.

अर्धकच्चं शेणखत शेतात नेण्याची घाई करू नये. तणाचं बी येतं, वाळवी येते आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

चिखलवाट

@गिरिपुष्प, हुमणीवरून आठवण: तिचा बंदोबस्तही कृतीने शिकवता येतो. पहिल्या वळवानंतर संध्याकाळी सात ते नऊ हुमणीचे भुंगेरे कडुनिंब आणि बाभळीवर येतात. चादर पसरून फांद्या हलवायच्या, पडलेले गोळा करून साबणाच्या किंवा रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. सलग काही रात्री, आणि एकट्याने उपयोग नाही, शिवारातल्या सगळ्यांनी. मादीने अंडी घालण्याआधी हे झालं पाहिजे. प्रशिक्षण जुलैत सुरू झालं तर ही संधी गेलेली असते.

नवा_गडी

वाचतोय. गांडूळखताचं एक विचारतो: वाफ्यात सोडलेली गांडुळं दोन दिवसांत मरतात, याचं कारण काय?

गिरिपुष्प

@नवा_गडी, बहुतेक वेळा ताजं शेण. ते वाफ्यात तापतं. आधी १५-२० दिवस सावलीत पसरून, पाणी मारून, उलथून थंड करायचं. शंका असेल तर त्यातलं घमेलंभर घेऊन ५० गांडुळं सोडा आणि २४ तासांनी मोजा. सगळी जिवंत आणि खाली गेलेली असतील तरच वाफा भरा. वाफा १ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. आयसेनिया फेटिडा ही जात घ्या, शेतातली गांडुळं खोल जाणारी असतात, ती वाफ्यात टिकत नाहीत. काढणीआधी चार-पाच दिवस पाणी बंद, म्हणजे गांडुळं खाली सरकतात आणि वरचं खत हाताने सरकवून घेता येतं. फावडं लावायचं नाही. मुंग्यांसाठी वाफ्याभोवती पाण्याची चारी.

चिखलवाट

आणि कोंबड्यांसाठी जाळी. गांडूळखताच्या प्रकल्पातला सर्वात समाधानी लाभार्थी कोंबडीच असते :)

मोजमाप

दोन गोष्टी यादीत नाहीत आणि त्या नसतील तर बाकीचं वाया जातं.

एक, पंपाचं मोजमाप. "एकरी २०० लिटर" असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण प्रत्येकाची चालण्याची गती, नोझल आणि दाब वेगळा. दोरी लावून एक गुंठा आखा. पंपात मोजून १० लिटर साधं पाणी घ्या, नेहमीच्या चालीने गुंठा फवारा, उरलेलं मोजा. ५ लिटर लागलं तर एकराला २००. ८ लागलं तर ३२०, म्हणजे औषधाचं प्रमाण पंपामागे बदलावं लागेल. पीक वाढलं की हे पुन्हा करायचं.

दोन, पंप स्वतंत्र हवा. तणनाशक वापरलेल्या पंपात २,४-डीचा अंश राहिला तर कापूस, टोमॅटो, द्राक्ष यांची पानं आकसतात. धुऊनही भरवसा नाही. भाड्याच्या मळणीयंत्राचंही तेच. आधीच्या शेतातले दाणे यंत्रात असतात, म्हणून ते रिकामं चालवून झाडायचं आणि आपला पहिला थोडा माल वेगळा काढायचा. माल खताच्या रिकाम्या गोण्यांत भरायचा नाही. प्रमाणीकरणाचा निरीक्षक आधी हेच बघतो.

बांधकरी

@मोजमाप, +१. गाळण्याचंही त्यातच आलं. जीवामृत असो की दशपर्णी (दहा पाल्यांचा अर्क), दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पंपात नाही. ठिबकमधून देत असाल तर गाळून शिवाय डिस्क फिल्टरमधून, आणि नंतर उपनळ्यांची टोकं उघडून साध्या पाण्याने धुवायचं.

सोयाबीन_पट्टा

बीजप्रक्रियेवर लिहितो, कारण मराठवाडा-विदर्भात अडतं ते इथेच.

उगवण चाचणी: घरच्या बियाण्यातून निवड न करता १०० दाण्यांचे चार संच. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी, गुंडाळी करून सावलीत, रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या-सातव्या दिवशी फक्त निरोगी कोंब मोजायचे आणि चारही संचांची सरासरी काढायची. ७० टक्के आली तर एकरी ३० किलो. ६५ आली तर ३० गुणिले ७० भागिले ६५, म्हणजे ३२ किलोच्या वर. हे गणित प्रत्येकाला यायला हवं.

प्रक्रियेचा क्रम: आधी ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी बुरशी), किलोला ५ ग्रॅम. मग रायझोबियम (मुळांच्या गाठींत नत्र धरणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), प्रत्येकी १० किलोला २५० ग्रॅम. चिकटवायला लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून, पूर्ण गार झाल्यावर. कोमट असेल तरी जिवाणू मरतात. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, म्हणून चोळायचं नाही. ताडपत्रीवर पसरून हलक्या हाताने वरखाली करायचं, सावलीत सुकवायचं, त्याच दिवशी पेरायचं.

रायझोबियम पिकानुसार वेगळं असतं. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला लावून गाठी येत नाहीत. पेरणीनंतर ४०-४५ दिवसांनी पाच झाडं मुळासकट, ओल असताना, खुरप्याने उकरून काढा आणि गाठी कापा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. ही पाच मिनिटांची परीक्षा कुठल्याच कार्यशाळेत होत नाही, कारण कार्यशाळा तोवर संपलेली असते.

मांडवी_काठ

गोव्यातून. तुमची यादी काळ्या जमिनीची आहे. इकडे जांभा, मुसळधार पाऊस, पोफळी आणि नारळ. जूनमध्ये आळ्यात ओतलेलं जीवामृत पुढच्या सरीत वाहून जातं. इथे गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांची कुंपणं, छाटणी करून आळ्यात पाला दाबणं आणि पाण्याचा निचरा हे आधी शिकवावं लागेल.

आणि सुपारीच्या कोळेरोगासाठी (फळं सडवणारा बुरशीजन्य रोग) बोर्डो मिश्रण. सेंद्रिय प्रमाणीकरणात तांब्याचा वापर मर्यादित आहे, म्हणून संस्थेला विचारून आणि नोंद करूनच. १ टक्का म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत ५०-५० लिटरमध्ये विरघळवायचं, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ओतत ढवळायचं. उलटं ओतलं तर फुटतं. घासलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना वाढवा. त्याच दिवशी संपवायचं. लोखंडी भांडं अजिबात नको.

काळी_आई

@मांडवी_काठ, एकदम मान्य. मे ते नोव्हेंबर हे मी सोयाबीन-कापूस-तूर डोळ्यासमोर ठेवून लिहिलं. बागायतीला वर्षभर हवं. जिथे काम करायचं त्याच मातीत शिकायला हवं, हे मूळ धाग्यात लिहायचं राहिलं होतं.

पतंगमोज्या

सापळ्यांबद्दल. निरीक्षणासाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. पीक वाढेल तसा सापळा वर सरकवायचा. ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) पिकागणिक नाही, किडीगणिक वेगळं: घाटे अळीचं हेलील्यूर गुलाबी बोंडअळीला चालत नाही. हाताला कांदा, तंबाखू, अत्तर लागलेलं असताना ल्यूरला हात लावायचा नाही. तीन-चार आठवड्यांनी बदलायचं.

गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ पतंग ही पातळी. पातळी ओलांडली तरच उपाय. रोज सकाळी मोजून, पतंग काढून टाकून, तारखेसह लिहायचं. न काढलेले पतंग दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले जातात आणि मग विनाकारण फवारणी होते. ट्रायकोकार्ड (किडीची अंडी मारणाऱ्या मित्रकीटकांची कार्डं) लावायची असतील तर पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या, संध्याकाळी, आणि पुढे काही दिवस त्या भागात निंबोळी अर्कसुद्धा नाही.

कपाशी सेंद्रिय करायची तर मुळात बीटी (जनुकबदल केलेलं) बियाणं चालत नाही. बिगर-बीटी बियाणं कुठून आणायचं, शेजारच्या बीटीपासून अंतर किती ठेवायचं, हे पेरणीआधी ठरवावं लागतं.

नवा_गडी

हे सगळं शिकलो, पण नोकरी कागदावर मिळते ना? प्रमाणपत्र कुठलं घ्यावं?

वहीवाला

@नवा_गडी, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाचं प्रमाणपत्र आणि शेताचं प्रमाणीकरण. लोक गल्लत करतात.

माणसासाठी: इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) सहा महिन्यांचा सेंद्रिय शेती प्रमाणपत्र अभ्यासक्रम बारावीनंतर करता येतो. ॲग्रिकल्चर स्किल कौन्सिलचा 'ऑर्गेनिक ग्रोअर' हा अभ्यासक्रम आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सेंद्रिय शेती संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. शिवाय आपल्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र. यातलं काहीही घ्या, पण हंगामभराच्या कामाबरोबर घ्या.

शेतासाठी: एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) २००१ पासून आहे, अपेडा या निर्यात प्राधिकरणाकडे, त्रयस्थ संस्था तपासते, निर्यातीला हेच लागतं. हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षांचा रूपांतर काळ, बहुवार्षिकांना पहिल्या काढणीआधी तीन. पीजीएस-इंडिया (सहभागी हमी पद्धत) देशातल्या बाजारासाठी, किमान पाच शेतकऱ्यांचा गट, एकमेकांची शेतं तपासतात.

नोकरी देणारा विचारतो ते हे: नोंदवही लिहिता येते का? शेताचा नकाशा, बाजूची पिकं, सीमेवरचा संरक्षक पट्टा, निविष्ठेची तारीख-प्रमाण-स्रोत, खरेदीच्या पावत्या, गटवार काढणीचं वजन, साठ्याची नोंद, विक्री. काढणी ६ क्विंटल आणि विक्री ७ क्विंटल दिसली की प्रमाणीकरण अडकतं. बहुतेक वेळा कारण फसवणूक नसतं, ओल्या मालाचं वजन आणि पोत्यांचा अंदाज असतो. प्रत्येक शिकणाऱ्याने एका शेजाऱ्याच्या शेताची तपासणी करून अहवाल लिहावा. दुसऱ्याची वही तपासली की आपल्या वहीतली भोकं दिसतात.

काळी_आई

इतक्या तपशिलाबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. यादी सुधारते. वाढलं: निंबोळी संकलन, भुंगेरे गोळा करणं, पंपाचं मोजमाप, गाठी कापून बघणं, तीन-तीन गुंठ्यांची तुलना, शेजाऱ्याच्या शेताची तपासणी. जीवामृतही येईल, पण आच्छादनासह. गाळलं: नाडेप टाकी नुसती दाखवणं. भरायची असेल तरच.

एक उरलं. राबवून घेणं आणि शिकवणं यातली रेघ कशी ओळखायची? काही ठिकाणी सहा महिने फक्त खुरपणी करून घेतात.

वहीवाला

जायच्या आधी एक दिवस भेट द्या आणि तीन गोष्टी बघा. मागच्या हंगामाची नोंदवही दाखवतात का, आणि त्यात फसलेल्या गोष्टी लिहिल्या आहेत का. वजनकाटा आणि मोजपात्र शेतावर आहे का. आणि आधीच्या शिकणाऱ्याच्या हस्ताक्षरातलं काही आहे का. राहणं, जेवण, कामाचे तास आणि विद्यावेतन हे लेखी घ्या, नंतर वाद नको.

बांधकरी

खुरपणी मात्र यादीतून काढू नका. तण दोन पानांवर असताना सायकल कोळपं फिरवायचं की आठ दिवस थांबून माणसं लावायची, हा निर्णय खुरपं हातात असल्याशिवाय कळत नाही. फक्त त्याचीही नोंद हवी: किती गुंठे, किती माणसं, किती तास.

नवा_गडी

काटा कुठला घ्यावा? पोत्याचा की छोटा?

मोजमाप

दोन्ही. ५ किलोपर्यंतचा, ग्रॅम दाखवणारा सपाट काटा बीजप्रक्रियेला आणि अर्काला, ५० किलोचा टांगता काटा काढणीला. टांगत्या काट्याला महिन्यातून एकदा मोजून भरलेली २० लिटर पाण्याची कॅन लावून बघा. कॅनचं वजन वजा करून २० किलो यायला हवेत.